जळगावात बॅले क्लास कसा निवडावा? (लेकीसाठी, आणि जमलं तर मोठ्यांसाठीही)

महाबळची_आई

नमस्कार मंडळी. लेक सहा वर्षांची आहे, यंदा पहिलीत गेली. वर्षभरापासून तिने बॅलेचा ध्यास घेतला आहे. मोबाइलवर बघते आणि ओट्याला धरून पाय मागे उचलत बसते. आधी वाटलं हौस आहे, उतरेल. उतरली नाही.

जळगावात हल्ली तीन-चार पाट्यांवर ‘बॅले’ हा शब्द दिसतो. एके ठिकाणी झुंबा, बॉलिवूड, हिप-हॉप आणि बॅले असं सगळं एकच सर शिकवतात. दुसरीकडे भिंतभर प्रमाणपत्रं लावली आहेत, पण ती कशाची ते मला वाचून कळलं नाही. तिसऱ्या ठिकाणी चौकशीच्या टेबलावर सांगितलं, ‘सहा महिन्यांत मुलगी अंगठ्यांवर उभी करून देऊ.’ लेकीचे डोळे चमकले, माझ्या मात्र पोटात गोळा आला.

घरचे म्हणतात, सरळ कथकला घाल, गल्लीतच क्लास आहे. पण तिला हवं आहे ते हे. मला नाचातलं काही कळत नाही. क्लास बघायला गेले तर नेमकं काय बघू? कुणाला काय विचारू? तिची आवडही टिकावी आणि पायही धड राहावेत, एवढंच मागणं आहे. अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

केळीवाला_भो

ताई, आपला खान्देशमा बठ्ठा लगीनमा बेंडवर नाचतस, तठे कोनी क्लास नही लावत! 😄

गंमत सोडा. पोरीला आवड आहे तर शिकवाच. धागा वाचतोय, माझीही पुतणी रांगेत आहे.

पुण्यात_राहणारी_जळगावकर

महाबळची_आई, पोटात गोळा आला ते बरं झालं. ‘सहा महिन्यांत अंगठ्यांवर’ असं कुणी सहा वर्षांच्या मुलीबद्दल म्हटलं, की तिथून चप्पल घालून परत निघायचं.

मी पुण्यात आठव्या वर्षी बॅले सुरू केलं आणि कॉलेज संपेपर्यंत शिकले. अंगठ्यांवर उभं राहायला जे बूट लागतात त्यांना पॉइंट शूज म्हणतात. पुढचा भाग कापड आणि कागदाचे थर चिकटवून कडक केलेला असतो, तळव्याखाली एक ताठ पट्टी असते आणि सगळं वजन बोटांच्या टोकांवर येतं. नृत्याशी संबंधित वैद्यकशास्त्राची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या मार्गदर्शनानुसार बारा वर्षांआधी पॉइंट शूज नाहीतच. बारा पूर्ण झाली म्हणजे घाला असंही नाही. आठव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरुवात केली असेल आणि आठवड्यातून दोनदा वर्ग होत असेल, तर साधारण चौथ्या वर्षी. घोटा, पोट आणि पाठ यांत ताकद नसेल तर लांबणीवर टाका, आणि वर्ग आठवड्यातून एकदाच असेल तर नकोच म्हणतात. माझ्या बाईंनी आमच्या तुकडीतल्या दोघींना थांबवून ठेवलं होतं. आम्ही बाकीच्या नवे बूट घालून मिरवत होतो आणि त्या दोघी रडवेल्या झाल्या होत्या. बाई अजिबात बधल्या नाहीत. त्या दोघींतली एक आज स्वतः शिकवते.

सहाव्या वर्षी काय असतं? संगीत ऐकणं, तालात चालणं, हलक्या उड्या, गुडघे वाकवणं (प्लिए), पाय जमिनीवरून सरकवत ताणणं (तॉन्दू), रांगेत थांबणं, दुसऱ्याचं बघणं. बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल इतकं साधं. ते तसंच असायला हवं.

आता प्रमाणपत्रं. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स (आरएडी) १९२० साली सुरू झाली. तिच्या परीक्षा जगभर होतात, भारतातही होतात. प्री-प्रायमरी, प्रायमरी, मग ग्रेड एक ते आठ, आणि व्यावसायिक वाटेने जाणाऱ्यांसाठी वेगळ्या परीक्षा. प्री-प्रायमरीला पाच वर्षं पूर्ण लागतात, प्रायमरीला सहा, ग्रेड एकला सात. भिंतीवरचा कागद जवळ जाऊन वाचा. तो विद्यार्थी म्हणून दिलेल्या परीक्षेचा आहे, शिक्षक म्हणून घेतलेल्या प्रशिक्षणाचा आहे, की दोन दिवसांच्या कार्यशाळेला हजर राहिल्याचा? तिन्ही कागद फ्रेममध्ये सारखेच देखणे दिसतात. आरएडीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत शिक्षक शोधता येतात, तिथे नाव टाकून बघा. इटालियन परंपरेची चेकेती आणि रशियन परंपरेची वागानोवा या पद्धतीही तितक्याच भक्कम आहेत. शिक्षकाला ‘तुम्ही कोणत्या पद्धतीने शिकलात आणि कुणाकडे?’ असं विचारलं की दोन मिनिटांत अंदाज येतो. खरोखर शिकलेला माणूस आपल्या गुरूंबद्दल भरभरून बोलतो.

घुंगरू

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी कथक शिकवते, भुसावळला. माझा क्लास चालावा म्हणून मी ‘कथकलाच घाला’ असं म्हणणार नाही. 🙂

एक भर घालते. क्लासची जाहिरात बघू नका, चालू तास बघा. बसू देत नसतील तर का, ते विचारा. लहान मुलांचा तास आईवडिलांसमोर रोज घेता येत नाही हे मलाही माहीत आहे, मुलं सारखी आईकडे बघतात. पण एक तास बघू द्यायला कुणाची हरकत नसावी. तिथे बसलात की बाईंकडे बघा. त्या स्वतः पुढे उभ्या राहून नाचत असतील आणि मुलं मागून नक्कल करत असतील, तर ते शिकवणं नव्हे. चांगली शिक्षिका निम्मा वेळ मुलांच्या पायांशी असते. मी पुण्याला एका वर्गात बघितलं, एका चिमुरडीने पावलं बाहेरच्या बाजूला खूप उघडली होती, त्यामुळे तळव्याची कमान आत कोसळली होती आणि करंगळी जमिनीवरून उचलली गेली होती. बाई गुडघ्यावर बसल्या, त्या करंगळीवर हलकं बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हिला पण जमीन दे.’ मुलीने आपणहून पाऊल थोडं मिटलं. बाईंनी पाय धरून वळवला नाही. अशी बाई सापडली तर फी थोडी जास्त असली तरी द्या.

हाड_आणि_सांधे

धुळ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. घुंगरू ताईंनी जे करंगळीचं सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे, म्हणून कारण लिहितो.

बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला वळवतात, त्याला टर्नआउट म्हणतात. हे वळण खुब्यातून यायला हवं. खुब्याच्या खोबणीची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे कुणाचं जास्त उघडतं, कुणाचं कमी. जे खुब्यातून मिळत नाही ते मूल गुडघा पिळून आणि पाऊल आत झुकवून भरून काढतं. समोरून बघणाऱ्याला पाय छान सरळ रेषेत दिसतात, आणि भार जातो गुडघ्याच्या आतल्या बाजूवर. तुम्ही पालक म्हणून एकच बघा. मूल गुडघे वाकवतं तेव्हा गुडघा पावलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या दिशेने जातो का? गुडघा आत आणि पाऊल बाहेर असेल, आणि शिक्षक ‘अजून उघड, अजून उघड’ म्हणत असतील, तर तो क्लास नको.

दुसरं, ताणण्याचं. मुलीला स्प्लिटमध्ये बसवून मागून पाठीवर दाब देणं, बेडकासारखं पालथं झोपवून कमरेवर बसणं, हे मी इथल्या क्लासच्या व्हिडिओंत पाहिलं आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि स्नायूंचे बंध तिथेच चिकटलेले असतात. जोर लावून ताणलं तर दुखापत नेमकी तिथे होते. मूल रडत असताना ‘थोडं दुखेलच’ असं म्हणणारा शिक्षक कितीही नावाजलेला असो, मुलीला उठवून घरी आणा.

जमिनीबद्दल उद्या लिहितो, पेशंट आलेत.

वरणबट्टी

विरोधी सूर लावतो, राग नसावा. आपल्याकडे कथक आहे, भरतनाट्यम आहे, नंदुरबारकडे पावरी या वाद्यावर नाचणारी माणसं आहेत. गंधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत नीट वाट आखलेली आहे, केंद्रं जवळ आहेत, गुरू आहेत. हे सगळं सोडून ज्याचा शिक्षक दीड-दोनशे किलोमीटरवर सापडणार त्या फ्रेंच नाचामागे का धावायचं? मुलीला सहाव्या वर्षी काय कळतं? जे जवळ चांगलं आहे ते द्यावं. जळगावात दर जानेवारीत बालगंधर्व महोत्सव होतो, तिथे एकदा नेऊन बसवा तिला. कथक बघितल्यावर कदाचित बॅले विसरेल.

पुण्यात_राहणारी_जळगावकर

वरणबट्टी दादा, महोत्सवाला न्यावंच, त्यात वाद नाही. पण ‘विसरेल’ म्हणून नको, दोन्ही बघेल म्हणून.

घुंगरू

वरणबट्टी दादा, तुमचा जवळच्या गुरूचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, त्याकडे येतेच. पण आपलं आणि त्यांचं अशी भिंत नाचणाऱ्यांनी कधी मानली नाही. उदय शंकर यांनी १९२३ साली रशियन बॅले नर्तिका ॲना पाव्हलोवासाठी राधा-कृष्ण आणि हिंदू विवाह ही नृत्यं बसवली, आणि तिच्याबरोबर स्वतः कृष्ण म्हणून नाचले. रुक्मिणीदेवी अरुंडेल तर पाव्हलोवाच्याच कंपनीतल्या क्लिओ नॉर्डीकडे बॅले शिकल्या. पाव्हलोवानेच त्यांना आपल्या देशाच्या नृत्याकडे वळून बघायला सांगितलं, आणि पुढे १९३६ साली त्यांनी मद्रासला कलाक्षेत्र उभं केलं. भरतनाट्यम आज ज्या मानाने शिकवलं जातं त्यात त्या बाईंचा वाटा केवढा आहे! बॅले शिकून त्या परक्या झाल्या नाहीत.

माझ्याकडे आलेल्या मुलीला बॅले हवं असेल आणि आई तिला जबरदस्तीने कथकला बसवत असेल, तर ती मुलगी तत्कार (कथकचं पायांचं काम) करताना दाराकडे बघत असते. मला ते आवडत नाही. तिला तिचं मिळावं.

पण, आणि इथे मी तुमच्या बाजूला येते, बॅलेच्या नावाखाली काहीही शिकवणाऱ्याकडे घालण्यापेक्षा चांगल्या गुरूकडे कथक किंवा भरतनाट्यम कितीतरी चांगलं. ताल, कान, उभं राहण्याची शिस्त, समोरच्याकडे बघून शिकणं, हे कुठेही वाया जात नाही. भरतनाट्यमची अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसणं, केलेल्या मुलीला बॅलेतलं गुडघे वाकवणं लवकर समजतं. तासाच्या शेवटी आपण भूमीला आणि गुरूला नमस्कार करतो, बॅलेतही तास संपताना शिक्षकाला झुकून मान देतात. वाईट सवयी लागल्या तर मात्र त्या मोडायला वर्षं जातात.

वरणबट्टी

रुक्मिणीदेवींचं माहीत नव्हतं. धन्यवाद ताई. माझा मुद्दा जवळच्या गुरूचाच होता, तो राहिला म्हणजे झालं.

देवपूरकर

आमचा अनुभव, धुळ्याचा. क्लासचं नाव लिहीत नाही. वर्षाची फी आगाऊ घेतली, गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे वेगळे, बूट त्यांच्याकडूनच घ्यायचे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत थोडंफार शिकवलं, मग ऑक्टोबरपासून एकाच गाण्याची तालीम. डिसेंबरात कार्यक्रम झाला, फोटो सुंदर आले. जानेवारीत लेकीला विचारलं, ‘पहिली पोझिशन दाखव,’ म्हणजे बॅलेतली पावलांची अगदी पहिली ठेवण, तर तिला गाण्यातल्या हालचाली सोडून काही येत नव्हतं. तिच्या वर्गात तीसेक मुलं होती, चार वर्षांपासून तेरापर्यंत, सगळी एकत्र. पैसे परत मागितले तर ‘पॉलिसी नाही’.

म्हणून सांगतो, फी महिन्याची घेतात की तीन महिन्यांची ते विचारा. वयाप्रमाणे बॅच आहेत का, एका बॅचला किती मुलं, आणि वर्षातला किती वेळ कार्यक्रमाच्या तालमीत जातो, हेही विचारा.

पुण्यात_राहणारी_जळगावकर

देवपूरकर, फार उपयोगी लिहिलंत. लहानांच्या वर्गात दहा-बारा मुलं आणि एक मदतनीस हे चांगलं. कार्यक्रम वाईट नाही, मुलांना रंगमंचाचं वेड लागतं ते चांगलंच आहे. पण वर्षाचा अर्धा वेळ एका गाण्यात घालवायचा नसतो.

बुटांचं राहिलं. सुरुवातीला कॅनव्हास किंवा चामड्याचे मऊ सपाट बूट, एवढंच लागतं. ते पायाला घट्ट बसणारे असावेत, ‘पुढच्या वर्षी होतील’ म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका. बोटांपुढे मोकळी जागा राहिली की पाय घसरतो. आणि ऑनलाइन जे गुलाबी सॅटिनचे, पुढून कडक, स्वस्तातले मिळतात ते सहा वर्षांच्या मुलीला फोटोपुरतेही देऊ नका.

नंदुरबारी_बाप

इथे मुलींचंच चाललंय, माझा मुलगा आहे, नऊ वर्षांचा. त्याला बॅले शिकायचं आहे. घरात आणि शेजारीपाजारी काय ऐकावं लागतं ते सांगत बसत नाही, तुम्हाला कल्पना आहे. नंदुरबारात क्लास नाही, सुरत आम्हाला जवळ पडतं. मुलांसाठी वेगळं काही बघायचं का? आणि नऊ म्हणजे उशीर झाला का?

पुण्यात_राहणारी_जळगावकर

दादा, आधी तुमच्या पाठीवर थाप. नऊ म्हणजे उशीर मुळीच नाही.

मुलग्यांसाठी एकच जास्तीचं विचारा, वर्गात दुसरा मुलगा आहे का, आणि शिक्षकाला मुलग्यांना शिकवायचा अनुभव आहे का. मुलग्यांच्या उड्या आणि गिरक्या पुढे वेगळ्या होतात, पण पहिली काही वर्षं पाया सारखाच असतो. त्याला झगमगीत कपड्यांची सक्ती नको, पांढरा टी-शर्ट आणि काळे टाइट्स पुरतात.

आणि त्याला अमीरुद्दीन शाह आणि मनीष चौहान यांच्याबद्दल सांगा. एकाचे वडील वेल्डर, दुसऱ्याचे टॅक्सी चालवणारे. दोघं मुंबईत येहुदा माओर नावाच्या शिक्षकांकडे शिकले. अमीर २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. मनीषने तर विशीत सुरुवात केली. त्यांच्या गुणांइतकंच तो शिक्षक भेटणं मोलाचं होतं, म्हणून सुरतेला गेलात तरी आधी शिक्षक बघा, इमारत नंतर.

केळीवाला_भो

नंदुरबारी दादा, पोराला माझ्याकडून शाबासकी. बोलणाऱ्यांचं काय, आपल्याकडे नवरदेवाच्या वरातीत सगळ्यात जास्त बापेच नाचतात, तेव्हा कुणी काही बोलत नाही!

हाड_आणि_सांधे

जमिनीचं लिहितो म्हटलं होतं.

आपल्याकडचे हॉल म्हणजे शहाबादी, कोटा नाहीतर गुळगुळीत टाइल्स, आणि खाली सिमेंट. उडी मारून खाली आलं की जमीन काहीच घेत नाही, सगळा धक्का नडगी, गुडघा आणि कमरेत जातो. महिनोन्‌महिने हे झालं की नडगी दुखायला लागते, पुढे हाडाला बारीक चीरही पडू शकते. बॅलेसाठी जमीन थोडी दबणारी हवी, त्याला स्प्रंग फ्लोअर म्हणतात, आणि वर न घसरणारं व्हिनाइल.

फसगत इथे होते की सिमेंटवर लाकडी रंगाचं लॅमिनेट चिकटवलं की ‘वुडन फ्लोअर’ म्हणून दाखवतात. ओळखायची युक्ती: बूट काढा, टाच उचलून एकदा जोरात टेकवा. टाचेला सणक आली आणि आवाज बद्द आला तर खाली दगड आहे. जमीन किंचित दबली आणि आवाज पोकळ आला तर खाली जागा आहे. जाड मऊ गाद्याही उपयोगाच्या नाहीत, त्यात घोटा मुरगळतो.

सहा वर्षांची मुलगी आठवड्यातून एकदा थोड्या उड्या मारते, तिचं वजन कमी असतं, त्यामुळे तिच्यासाठी एवढ्यावरून क्लास नाकारू नका. पण मोठी मुलं आणि प्रौढ यांच्यासाठी जमीन हा कळीचा प्रश्न आहे.

घुंगरू

+१. कथकमध्येही फरशीवर वर्षानुवर्षं तत्कार करून टाचा गेलेल्या मैत्रिणी आहेत माझ्या. मी आता क्लासमध्ये लाकडी पाट टाकून घेतलेत.

भुसावळ_जंक्शन

सगळे प्रतिसाद वाचले आणि धीर आला, म्हणून लिहिते. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. रेल्वेत नोकरी, दोन मुलं, मोठा बारावीत. लहानपणापासून बॅलेचं आकर्षण, पण तेव्हा भुसावळला कोण शिकवणार? आता कुणी ‘या वयात?’ असं म्हणेल. मला स्टेजवर जायचं नाही. मला फक्त ते शिकायचं आहे, मनापासून. हे शक्य आहे का? ऑनलाइन शिकावं का?

पुण्यात_राहणारी_जळगावकर

ताई, नक्की शक्य आहे. मऊ बुटांतलं बॅले कोणत्याही वयात सुरू करता येतं. आरएडीने पंचावन्नच्या पुढच्या लोकांसाठी ‘सिल्व्हर स्वॉन्स’ नावाचे खास वर्गच चालवलेत, तुम्ही तर त्यांत सगळ्यात लहान ठरला असता, घेतलंच नसतं तुम्हाला. 😊

प्रौढांसाठी क्लास निवडताना ‘बिगिनर’ वर्ग खरंच नवशिक्यांचा आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी त्यात लहानपणी शिकलेल्या मुली असतात आणि नवीन माणूस पहिल्याच दिवशी गोंधळतो. शून्यापासून सुरू होणारी बॅच कधी आहे ते विचारा. आणि अर्धा तास तरी बारवर, म्हणजे दांड्याला धरून, काम व्हायला हवं. दांडा साधारण कमरेच्या थोडा वर असावा. त्यावर हात नुसता ठेवायचा, लोंबकळायचं नाही.

ऑनलाइनबद्दल माझं मत: पहिले सहा महिने तरी समोर शिक्षक हवा. पडद्यावरून तुमचा गुडघा कुठे जातोय ते शिक्षकाला धड दिसत नाही. पाया बसला, मग महिन्यातून एक-दोनदा समोर आणि मधले तास ऑनलाइन असं चालतं.

हाड_आणि_सांधे

भुसावळ ताई, सुरुवातीला पोटऱ्या दुखतील, ते चालतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर थांबायचं. टाचा उचलण्याचा व्यायाम आधी भिंतीला धरून दोन्ही पायांवर, हळूहळू. उड्या पहिल्या काही महिन्यांत नकोतच. बीपी, शुगर किंवा जुनी गुडघेदुखी असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

केळीवाला_भो

एक शंका. मे महिन्यात जळगावला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. पत्र्याच्या शेडखाली पोरं टाइट्स घालून नाचणार कशी?

देवपूरकर

हा खरा खान्देशी प्रश्न! आमच्याकडे पत्र्याचाच हॉल होता, एप्रिलमध्ये दोन मुलींना चक्कर आली. सकाळी सातची बॅच आहे का, खिडक्या उघडतात का, पाणी प्यायला मध्ये सोडतात का, हे विचारायलाच हवं.

पुण्यात_राहणारी_जळगावकर

चांगला शिक्षक उन्हाळ्यात टाइट्सची सक्ती करत नाही, गुडघ्यापर्यंतची अंगाबरोबरची पँट चालते. पाय दिसायला हवेत एवढाच हेतू असतो. ढगळ सलवार घातली की गुडघा कुठे आहे तेच कळत नाही.

वरणबट्टी

अवांतर: उन्हाळ्याचं निघालंच आहे म्हणून, हिवाळ्यात एक कट्टा करू या. भरीत आणि कळण्याची भाकरी माझ्याकडून. बॅलेवाल्यांनाही आमंत्रण आहे, डाएटवाल्यांनाही.

नंदुरबारी_बाप

वरणबट्टी दादा, येतो!

सुरतेला जाऊन आलो. शिक्षकांनी तासभर पोराशी खेळल्यासारखं काम केलं, मग मला म्हणाले, महिन्यातून दोनदा आणा, मधल्या दिवसांत इथल्या जिम्नॅस्टिक्सला पाठवा, पण ‘अंग ताणून घ्या’ असं तिथे सांगू नका. वर्गात आणखी एक मुलगा होता, बारा वर्षांचा. दोघांची लगेच गट्टी जमली. परतीच्या गाडीत पोरगा वरच्या बर्थवर पाय ताणून बघत होता.

महाबळची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं.

तुमचे प्रश्न वहीत उतरवून तिन्ही ठिकाणी गेले. झुंबावाल्या सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की बॅले ते व्हिडिओ बघून शिकलेत. माणूस भला आहे, पण नाही. भिंतभर प्रमाणपत्रांच्या ठिकाणी जवळ जाऊन वाचलं, बहुतेक कार्यशाळांचीच निघाली. तास बघू दिला नाही. ‘सहा महिन्यांत अंगठ्यांवर’वाल्यांकडे मी पॉइंट शूजचं वय विचारलं, तर म्हणाले, ‘मुलगी हलकी आहे, चालतं.’ तिथून निघाले.

मग चौथं नाव कळलं, लेकीच्या शाळेतल्या एका आईकडून. एक ताई लग्न होऊन जळगावात आल्यात. मुंबईत लहानपणापासून शिकल्या, आरएडीच्या वरच्या ग्रेड दिलेल्या, आणि शिक्षक प्रशिक्षण सध्या चालू आहे. पाटी नाही. एका कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आठ मुली. मी तास बघितला. पूर्ण वेळ त्या जमिनीवर बसून, गुडघ्यावर, रांगत. एका मुलीला जमत नव्हतं तर तिला म्हणाल्या, ‘आज राहू दे, पुढच्या वेळी तुझा पायच तुला सांगेल.’ मी न विचारताच त्यांनी सांगितलं की पॉइंटचं बाराच्या पुढे बघू. फी महिन्याची.

अडचण एकच, जमीन. खाली शहाबादी आहे. त्यांनाही ते ठाऊक आहे, म्हणून उड्या जवळपास घेतच नाहीत.

घुंगरू

हीच! अजिबात सोडू नका. प्रशिक्षण पूर्ण व्हायचं आहे हे त्यांनी स्वतःहून सांगितलं यातच सगळं आलं.

वरणबट्टी

जवळचा गुरू सापडला की! जमिनीचं बघता येईल. माझा फर्निचरचा धंदा आहे. खाली फोमचे ठोकळे ठरावीक अंतरावर, त्यावर प्लायवूडचे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत, स्क्रूची डोकी आत बसवायची, वर व्हिनाइल. तुकड्यांत केलं तर कार्यालयात लग्न असेल तेव्हा उचलून ठेवता येईल. हाड_आणि_सांधे डॉक्टर, ठोकळे किती दाट हवेत ते तुम्ही सांगा, मी लाकडाचं बघतो. मजुरी घेणार नाही, सामानाचे पैसे पालकांनी वाटून घ्यावेत.

हाड_आणि_सांधे

येत्या रविवारी जळगावला येतोच आहे, दोघं मिळून हॉल बघू. आधी एकच तुकडा बनवू, त्यावर मी स्वतः उड्या मारून बघतो, मग बाकीचे. आणि दाराशी उतार द्या, मुलं कडेला अडखळतात.

महाबळची_आई

वरणबट्टी दादा, काय बोलू! ताईंना फोन केला, त्यांचा विश्वासच बसेना. पालकांचा गट केलाय, पाच जण लगेच तयार झाले. रविवारी सकाळी दहा वाजता भेटू, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.

भुसावळ_जंक्शन

महाबळची_आई, त्या ताई मोठ्यांची बॅच घेतील का हो? भुसावळहून जळगाव म्हणजे अर्ध्या तासाची गाडी. शनिवारी संध्याकाळी मला सुट्टी असते.

महाबळची_आई

विचारलं. म्हणाल्या, चार जणी जमल्या तर शनिवारी सहाला सुरू करते, पण जमीन झाल्यावरच. तुम्ही एक झालात, मी दुसरी. अजून दोघी हव्यात.

केळीवाला_भो

माझी बायको विचारतेय, तिसरी म्हणून नाव लिहा.